निवृत्तीची पुंजी प्रत्यक्ष सोन्या-चांदीत वळवताना : अमेरिकेतील खातेदारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नोकरी सुटली किंवा बदलली की जुन्या कंपनीतल्या ४०१(के) खात्याचे, म्हणजे नोकरीत असताना कंपनीमार्फत साठवलेल्या निवृत्तिपुंजीचे, काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि नेमक्या त्याच सुमारास 'तुमची पुंजी सोन्यात सुरक्षित करा' अशा जाहिराती आणि फोन सुरू होतात. सोने घ्यावे की नाही यावर माणसे महिनोन्‌महिने घोळ घालतात. पैसे हलवायचे कसे, याबाबतीत मात्र फोनवरच्या विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानतात. माझ्या मते खरे नुकसान होते ते इथे. सोन्याचा भाव चढेल की पडेल हे कोणाच्याच हातात नाही. पैसे चुकीच्या वाटेने हलवल्यामुळे बसणारा कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत या दोन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात, आणि म्हणून पुढचे सारे लेखन भावाच्या भाकितांकडे न जाता त्या दोन गोष्टींभोवती राहील.

किती वळवायचे

आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्तिखाते, ही सोय १९७४ च्या एरिसा या निवृत्तियोजनांविषयीच्या कायद्याने आली. १९८१ च्या कायद्याने या खात्यातून घेतलेल्या 'संग्राह्य वस्तूं'ना पैसे काढल्यासारखेच समजायचे ठरवले, आणि त्यात चित्रे, पुरातन वस्तू, दुर्मिळ नाणी यांच्यासोबत धातूही आले. पुढे १९८६ च्या करसुधारणेने अमेरिकी टांकसाळीच्या सोन्याचांदीच्या ईगल नाण्यांना सवलत दिली, आणि १९९७ च्या कायद्याने ठरावीक शुद्धतेच्या लगडींना, तसेच प्लॅटिनम व पॅलेडियम यांनाही वाट मोकळी केली. इतिहास एवढ्यासाठी सांगितला की प्रत्यक्ष धातू हा या खात्यातला अपवाद आहे, नियम नव्हे. अपवादाच्या अटी मोडल्या की सवलत जाते आणि मूळ नियम लागू होतो.

जानेवारी १९८० मध्ये सोन्याने औंसाला ८५० डॉलरचा उच्चांक गाठला होता. १९९९ मध्ये तेच सोने अडीचशे डॉलरच्या आसपास होते, आणि ८५० चा आकडा पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडावा लागला. २०११ च्या सप्टेंबरात भाव १,९०० च्या वर गेला आणि २०१५ च्या डिसेंबरात १,०५० पर्यंत खाली आला. चांदीची चाल याहून अस्थिर असते. धातू लाभांश देत नाही, व्याज देत नाही, उलट तिजोरीचे भाडे मागतो. तेव्हा ज्याला पुढच्या पाचसात वर्षांत याच पैशांवर घर चालवायचे आहे त्याने हात आखडता घ्यावा. एकूण निवृत्तिपुंजीच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे माझे मत आहे. ते मतच आहे, कायदा नव्हे. 'सगळेच हलवा' असे जो सांगतो त्याची दलाली सगळ्यावर असते, हे विसरू नये.

आणखी एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा. सोन्याच्या भावाचा लाभ हवा आहे, की प्रत्यक्ष सोने हवे आहे? फक्त भाव हवा असेल तर साध्या आयआरए खात्यात सोन्याचा फंड घेता येतो. त्याला वेगळी तिजोरी लागत नाही, खरेदी-विक्रीतली तफावत अत्यल्प असते आणि मनात आले की दोन मिनिटांत विकता येतो. बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. वित्तीय संस्थांच्या साखळीबाहेर, मोजता येईल, उचलता येईल असा धातू आपल्या नावे असावा असे ज्याला मनापासून वाटते, त्यानेच पुढची वाट धरावी.

तीन वेगळे पक्ष

या व्यवहारात तीन पक्ष असतात आणि त्यांची सरमिसळ करणे विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. पहिला कस्टोडियन, म्हणजे खाते सांभाळणारी बँक किंवा आयआरएसने, म्हणजे अमेरिकी केंद्रीय करखात्याने, मान्यता दिलेली बिगरबँक संस्था. खाते कायदेशीररीत्या त्याच्याकडे असते आणि सरकारदरबारी कागद तोच पाठवतो. दुसरा डीलर, जो धातू विकतो. तिसरी डिपॉझिटरी, म्हणजे जिथे धातू ठेवला जातो ती तिजोरी. डेलावेअर राज्यात अशा तिजोऱ्या बऱ्याच आहेत. 'आमच्याकडे सोन्याचे आयआरए खाते उघडा' असे जाहिरात करणारा बहुधा डीलर असतो. तो ज्या कस्टोडियनकडे पाठवतो तिथे जाण्याचे तुमच्यावर काही बंधन नाही.

म्हणून क्रम उलटा करावा : आधी कस्टोडियन स्वतः निवडावा, डीलरशी बोलणे नंतर. मान्यताप्राप्त बिगरबँक विश्वस्तांची यादी आयआरएस प्रसिद्ध करते. तिच्यात संस्थेचे नाव आहे का हे पाहणे ही पहिली चाळणी. मात्र त्या यादीचा अर्थ एवढाच, की संस्थेला खाते सांभाळण्याची परवानगी आहे. तुम्ही घेत असलेले नाणे रास्त भावाचे आहे की नाही हे कस्टोडियन तपासत नाही, तसे करारात स्पष्ट लिहिलेले असते, आणि स्वयंनिर्देशित, म्हणजे काय घ्यायचे ते खातेदारच ठरवतो अशा, खात्यांमधल्या अनेक फसवणुकी याच फटीतून शिरतात. २०२० च्या सप्टेंबरात कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशन या वायदेबाजाराच्या केंद्रीय नियामकाने ३० राज्यांच्या नियामकांना सोबत घेऊन एका मौल्यवान धातू विक्रेत्या उद्योगाविरुद्ध खटला भरला. आरोपपत्रानुसार १,६०० हून अधिक लोकांकडून १८.५ कोटी डॉलर गोळा करण्यात आले होते, त्यांतले बरेचसे वयस्कर होते, आणि त्यांच्या निवृत्तिखात्यांतला पैसा अवाच्या सवा भावाच्या नाण्यांत गेला होता. पैसे तांत्रिकदृष्ट्या खात्यातच होते. खात्यातल्या वस्तूचा भाव तेवढा खोटा होता.

कस्टोडियनला विचारायचे प्रश्न रोकडे असावेत. खाते उघडण्याचे शुल्क किती, वार्षिक शुल्क ठोक आहे की रकमेच्या प्रमाणात, तिजोरीचे भाडे त्यात धरले आहे की वेगळे, विक्रीच्या वेळी काय लागते, खाते बंद करताना काय लागते. ठोक शुल्क छोट्या खात्याला जड जाते. समजा सारे मिळून वर्षाला २८० डॉलर लागतात. १,४०,००० डॉलरच्या खात्यावर ते ०.२ टक्के झाले, २०,००० च्या खात्यावर १.४ टक्के. दरवर्षी १.४ टक्के देऊन काहीच उत्पन्न न देणारी वस्तू सांभाळायची, हा हिशेब दहा वर्षांसाठी मांडून पाहिला की छोटी खाती उघडण्याचा उत्साह आपोआप मावळतो.

पैसे हलवण्याची वाट

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती इथे.

४०१(के) मधून आयआरएमध्ये पैसे नेण्याला रोलओव्हर म्हणतात, आणि त्याच्या दोन वाटा आहेत. थेट रोलओव्हरमध्ये जुनी योजना रक्कम नव्या कस्टोडियनलाच देते; कर कापला जात नाही आणि मुदतीची टांगती तलवार राहत नाही. दुसऱ्या वाटेने रक्कम तुमच्या नावे येते, आणि मग ती ६० दिवसांत नव्या खात्यात भरायची असते. ही दुसरी वाट कागदावर निरुपद्रवी दिसते, परंतु तुमच्या नावे धनादेश निघताना योजनेला २० टक्के कर कापावाच लागतो, तुम्ही 'मी सगळे पैसे परत भरणार आहे' असे कितीही सांगितले तरी. खात्यात ८०,००० डॉलर असतील तर हाती ६४,००० येतात. साठ दिवसांत भरायचे मात्र पूर्ण ८०,०००. म्हणजे कापलेले १६,००० पदरचे घालायचे आणि पुढच्या वर्षी कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळवायचे. ते घालता आले नाहीत तर ते १६,००० तुम्ही काढले असे धरले जाते, त्यावर उत्पन्नाच्या दराने कर बसतो, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के, म्हणजे १,६०० डॉलर दंड. सोन्याचा भाव तसूभरही न हलता झालेले हे नुकसान.

थेट रोलओव्हर मागितला तरी काही योजना कागदी धनादेशच काढतात आणि तो तुमच्या घरी टपालाने पाठवतात. माझ्या घरी असा लिफाफा आला तेव्हा क्षणभर छातीत धस्स झाले होते, कारण फोनवर तर मी दोनदा 'थेट' हा शब्द उच्चारला होता. अशा वेळी घाबरण्याआधी धनादेश कोणाच्या नावे आहे ते वाचावे. रक्कम घेणाऱ्याच्या जागी नव्या कस्टोडियनचे नाव आणि त्यापुढे 'एफबीओ', म्हणजे 'यांच्या लाभार्थ', आणि मग तुमचे नाव असेल, तर तो थेट रोलओव्हरच आहे. तो तसाच कस्टोडियनकडे, शक्यतो पोच मिळेल अशा टपालाने, रवाना करावा. घेणाऱ्याच्या जागी फक्त तुमचेच नाव असेल तर तो बँकेत न भरता योजनेला त्याच दिवशी फोन करून बदलून मागावा. निवृत्तिखात्यातून बाहेर गेलेल्या रकमेची नोंद असलेला १०९९-आर हा फॉर्म पुढच्या जानेवारीत येतो; त्यावर थेट रोलओव्हरसाठी 'जी' हे संकेताक्षर असते. ते आहे ना हे पाहावे, आणि करपात्र नसली तरी ही रक्कम विवरणपत्रात दाखवावी.

पैसे आधीपासूनच एखाद्या आयआरएमध्ये असतील तर काम आणखी सोपे होते. एका कस्टोडियनकडून दुसऱ्याकडे थेट हस्तांतर मागावे. ते वर्षातून कितीही वेळा करता येते. तेच पैसे तुमच्या हातून नेले तर साठ दिवसांची मुदत लागतेच, शिवाय बारा महिन्यांत असा एकच रोलओव्हर करता येतो, आणि २०१५ पासून ही मर्यादा प्रत्येक खात्यासाठी वेगळी न राहता तुमच्या सगळ्या आयआरए खात्यांसाठी मिळून एकच आहे. माझा सल्ला असा, की ४०१(के) मधली सगळी रक्कम आधी एखाद्या नेहमीच्या ब्रोकरेजमधल्या, म्हणजे शेअर-फंड दलालाकडच्या, आयआरएमध्ये थेट न्यावी, आणि त्यातून धातूसाठी ठरवलेला भाग तेवढा नंतर धातूच्या खात्यात हस्तांतरित करावा. एक पायरी वाढते, दोनतीन आठवडे जास्त जातात; परंतु उरलेली पुंजी महागड्या शुल्काच्या खात्यात अडकत नाही, आणि हे ब्रोकरेजमधले खाते पुढे वयाच्या सत्तरीनंतर फार उपयोगी पडते, ते कसे ते खाली येईल.

हलवण्याआधी तीन अडसर तपासावेत. अजून नोकरीत असाल तर बहुतेक योजना साडेएकोणसाठच्या आधी रक्कम बाहेर नेऊ देत नाहीत. ज्या वर्षी वयाची पंचावन्न पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली असेल, तर त्या कंपनीच्या ४०१(के) मधून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. तीच रक्कम आयआरएमध्ये नेली की ही सवलत संपते, म्हणून साठीच्या अलीकडे खर्चाला लागणारे पैसे जुन्या जागीच ठेवावेत. आणि ज्या वयापासून दरवर्षी ठरावीक रक्कम सक्तीने काढावी लागते (ते वय खाली येईल) ते उलटलेले असेल, तर चालू वर्षाची ती रक्कम आधी काढावी लागते. ती रोलओव्हर करता येत नाही. साध्या ४०१(के) चे, म्हणजे ज्यावरचा कर काढताना भरायचा असतो असे, पैसे साध्या आयआरएमध्ये जातात, आणि रॉथचे, म्हणजे ज्यावरचा कर आधीच भरलेला असतो असे, रॉथमध्ये. साध्यातून रॉथमध्ये नेले तर त्या वर्षी पूर्ण रकमेवर कर भरावा लागतो. रोलओव्हरची रक्कम वार्षिक वर्गणीच्या मर्यादेत मोजली जात नाही.

काय घ्यायचे, कोणत्या भावाने

शुद्धतेची अट अशी : सोने हजारात ९९५, चांदी ९९९, प्लॅटिनम आणि पॅलेडियम ९९९.५. याला ठळक अपवाद अमेरिकन गोल्ड ईगलचा. हे नाणे २२ कॅरटचे आहे, तरी कायद्याने त्याचे नाव घेऊन त्याला परवानगी दिली आहे. एक औंसाचा ईगल तराजूत ठेवला तर काटा ३३.९३ ग्रॅम दाखवतो. ट्रॉय औंस तर ३१.१०३५ ग्रॅमचाच असतो. वरचे पावणेतीन-एक ग्रॅम तांबे आणि थोडी चांदी, नाणे झिजू नये म्हणून घातलेली. सोने पुरे एक औंसच. दक्षिण आफ्रिकेचा क्रुगररँड हाही २२ कॅरटचाच, त्यातही सोने एक औंसच, पण त्याला अपवाद नाही, म्हणून तो चालत नाही. ब्रिटिश सॉव्हरिनचेही तसेच. २००६ पासून निघणारा अमेरिकन बफेलो आणि कॅनडाचे मेपल लीफ ही ९९९.९ शुद्धतेची नाणी चालतात. दागिने कितीही चोख असले तरी चालत नाहीत, आणि घरात आधीपासून असलेली नाणीही खात्यात घालता येत नाहीत : वर्गणी रोख रकमेतच भरायची असते, आणि स्वतःच्या खात्याला स्वतःची वस्तू विकणे हा निषिद्ध व्यवहार आहे. तसे केल्यास केवळ ती वस्तू नव्हे, तर ते संपूर्ण खातेच त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मोडले असे धरले जाते.

आता भाव. दागिना मोडायला नेला की घडणावळ गेली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. नाण्यांनाही तोच न्याय लागू आहे, फक्त घडणावळीला इथे प्रीमियम म्हणतात. म्हणून डीलरला एकच भाव न विचारता दोन विचारावेत : आज हे नाणे मला कितीला द्याल, आणि हेच नाणे आज मी विकायला आणले तर कितीला घ्याल? समजा ६०,००० डॉलर गुंतवायचे आहेत. धातूच्या किमतीवर ५ टक्के चढवून साधी नाणी घेतली, तर पदरात पडणाऱ्या धातूची किंमत सुमारे ५७,१४३ डॉलर. मोडीचा भाव धातूच्या किमतीच्या २ टक्के खाली असेल तर त्याच दिवशी विकून ५६,००० मिळतील. धातू सुमारे ७ टक्के चढला की बरोबरी होते. आता ३५ टक्के चढवलेली 'खास' नाणी घेतली, तर धातू येतो फक्त ४४,४४४ डॉलरचा, त्याच २ टक्के वजावटीने मोड येते ४३,५५६ ची, आणि बरोबरी होण्यासाठी सोन्याला जवळजवळ ३८ टक्के चढावे लागते. या दोन खरेद्यांमध्ये सोने तेच आहे, टांकसाळही तीच असू शकते.

ही खास नाणी विकताना एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६१०२ क्रमांकाच्या आदेशाने लोकांकडचे सोने सरकारजमा करायला लावले आणि संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना त्यातून वगळले, हे खरे आहे. खाजगी सोने बाळगण्यावरची बंदी १९७४ च्या डिसेंबरअखेर उठली, हेही खरे. त्यावरून 'सरकार पुन्हा सोने घेईल, म्हणून संग्राह्य नाणीच घ्या' असा जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र विक्रेत्याचा. मला एका विक्रेत्याने हीच कथा पाऊण तास ऐकवली. शेवटी मी मोडीचा भाव विचारला, तेव्हा त्याने 'हे विकण्यासाठी घेतच नसतात, साहेब' असे उत्तर दिले. त्या उत्तरानंतर मी फोन ठेवला. खात्यात चालणारी 'प्रूफ' ईगल नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळी देऊन पाडलेली नाणी, ही याच जातीची : कायदेशीर, देखणी, आणि निवृत्तीच्या पैशांसाठी अनावश्यक.

वजन जितके मोठे तितका प्रीमियम कमी, हा सर्वसाधारण नियम आहे. दशांश औंसाच्या चिमुकल्या नाण्यावर टक्केवारीने सर्वांत जास्त प्रीमियम पडतो. मोठ्या लगडीवर कमी पडतो, पण ती तुकड्याने विकता येत नाही. एक औंसाची नाणी हा मधला मार्ग मला सोयीचा वाटतो. चांदी घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तेवढ्याच पैशांत ती आकारमानाने कितीतरी जास्त येते, आणि तिजोरीचे भाडे जागेवर असेल तर तो बोजा वाढतो.

किमान तीन डीलरांकडून एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासाभरात, लेखी भाव मागवावेत. सोने दिवसभर हलत असल्यामुळे वेगवेगळ्या वेळचे भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही. भाव कोणत्या क्षणी पक्का होतो, तोही लेखी घ्यावा. 'चांदी मोफत', 'पहिल्या वर्षाचे शुल्क आम्ही भरू' अशा आमिषांची किंमत प्रीमियममध्येच घातलेली असते.

खरेदी तुम्ही थेट करत नाही. नाण्याचे नाव, नग, भाव आणि डीलर यांचा उल्लेख असलेला खरेदीचा लेखी आदेश तुम्ही कस्टोडियनला देता, तो डीलरला पैसे पाठवतो, आणि डीलर धातू डिपॉझिटरीकडे रवाना करतो. तिजोरीत नगांची मोजणी होऊन नोंद झाली की ती कस्टोडियनच्या विवरणात दिसते. आदेश, डीलरचे बिल आणि हे विवरण ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून नगांचा आकडा आणि नाण्याचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. 'ईगल'च्या जागी 'ईगल प्रूफ' आले असेल तर ते याच वेळी लक्षात येते.

तिजोरी घराबाहेरच

'सोने आयआरएचे, पण ठेवा घरच्या तिजोरीत' ही योजना अजूनही विकली जाते. त्यासाठी आयआरएच्या मालकीची एक छोटी कंपनी काढायची, तुम्ही तिचे व्यवस्थापक व्हायचे, आणि कंपनीच्या नावे घेतलेले ईगल स्वतःकडे ठेवायचे. विश्वस्ताच्या प्रत्यक्ष ताब्याची अट कायद्यात लगडींसाठी लिहिली आहे, नाण्यांसाठी नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकी कर न्यायालयापुढे नेमके असेच प्रकरण आले आणि न्यायालयाने तो फेटाळला : खातेदाराचा नाण्यांवर अनिर्बंध ताबा असेल, तर तिऱ्हाईत विश्वस्ताने सांभाळायचे खाते ही कल्पनाच उरत नाही. घरी आलेली सगळी नाणी काढलेल्या रकमेत धरली गेली आणि त्यांवर कर लागला. तेव्हा घरी ठेवायचे सोने हवे असेल तर ते कर भरलेल्या पैशांतून घ्यावे.

तिजोरीत धातू ठेवण्याचे दोन प्रकार असतात. वेगळ्या साठवणीत तुमचेच नग तुमच्या नावाने बाजूला असतात. एकत्र साठवणीत तुम्हाला त्याच प्रकारचे तितकेच नग मिळण्याचा हक्क असतो. दुसरा प्रकार स्वस्त असतो, आणि साध्या ईगलसाठी तो पुरेसा आहे. विमा मात्र नीट पाहावा, कारण बँकठेवींचा एफडीआयसी विमा या धातूला लागू नाही.

काढायची वेळ

१९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षापासून आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ७५ व्या वर्षापासून साध्या आयआरएमधून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. मागच्या ३१ डिसेंबरची किंमत आयआरएसच्या तक्त्यातल्या आकड्याने भागायची. ७३ व्या वर्षी तो आकडा २६.५ असतो. खात्यात १,०६,००० डॉलरचा धातू असेल तर ४,००० डॉलर काढायचे. नाणे अर्धे कापता येत नाही, आणि नेमक्या त्या वर्षी भाव पडलेला असू शकतो. न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड असतो. चूक मुदतीत सुधारली तर तो १० टक्क्यांवर येतो.

वर ब्रोकरेजमधल्या ज्या आयआरएचा उल्लेख केला तो इथे कामी येतो. तुमच्या सगळ्या साध्या आयआरए खात्यांसाठी काढायची रक्कम प्रत्येकाची वेगळी मोजावी लागते, पण बेरीज करून ती कोणत्याही एका खात्यातून काढता येते. म्हणजे धातूच्या वाट्याचे ४,००० डॉलर ब्रोकरेजमधल्या खात्यातून काढावेत आणि नाण्यांना हात लावू नये. मात्र ४०१(के) मधून काढायची रक्कम या बेरजेत येत नाही.

रोख रकमेऐवजी नाणीच घरी मागवता येतात. तसे केल्यास त्या दिवसाची त्यांची किंमत तुमच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते. कर मात्र रोखीतच भरायचा असतो, त्याची तजवीज आधी करावी. साध्या आयआरएमधून बाहेर येणाऱ्या सगळ्या रकमेवर नेहमीच्या उत्पन्नाचा दर लागतो, तर कर भरलेल्या पैशांतून घेऊन वर्षाहून अधिक काळ बाहेर ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर केंद्रीय कराची कमाल २८ टक्के असते. वरच्या करश्रेणीत राहण्याची शक्यता असलेल्यांनी हा फरक सुरुवातीलाच तोलून पाहावा.

वारसदाराचा फॉर्म नव्या कस्टोडियनकडे नव्याने भरावा लागतो. जुन्या योजनेतला वारसदार रोलओव्हरबरोबर येत नाही. २०२० पासून जोडीदाराखेरीज बहुतेक वारसांना वारशाने आलेले खाते दहा वर्षांत रिकामे करावे लागते, तेव्हा मोडीचा भाव कसा विचारायचा हे मुलांना दाखवून ठेवावे. एका पानावर कस्टोडियन, डिपॉझिटरी, खाते क्रमांक, नाण्यांची नावे आणि नग एवढे लिहून ते पान इच्छापत्राच्या पाकिटात घालावे, आणि दर जानेवारीत डिसेंबरअखेरचे विवरण आले की त्यावरचा नगांचा आकडा त्या पानाशी ताडून पाहावा.